एमिरेट्स आयडीची मुदत संपली आणि कार्ड बंद पडलं: पुन्हा सुरू कसं करायचं

यूएईत नव्याने आलेल्या माणसाला पहिली दोन वर्षं बँक फारसा त्रास देत नाही. खातं उघडतं, पगार जमा होतो, कार्ड चालतं. मग व्हिसा नूतनीकरणाच्या गडबडीत एक दिवस सुपरमार्केटच्या काउंटरवर कार्ड नाकारलं जातं. खात्यात पैसे आहेत, पिन बरोबर आहे, कार्डावरची तारीखही अजून लांब आहे. संपलेली असते ती एमिरेट्स आयडीची, म्हणजे इथल्या सरकारी ओळखपत्राची, मुदत.

खासगी कंपनीच्या नोकरीवर आलेल्यांचा आयडी साधारण दोन वर्षांचा असतो. पासपोर्टवर रहिवासाचा स्टिकर लावणं २०२२ मध्ये बंद झालं, तेव्हापासून हा आयडीच रहिवासाचा पुरावा आहे. म्हणजे आयडी संपला की समोरचा ग्राहक देशात कायदेशीर राहतोय की नाही, हेच बँकेला सांगता येत नाही. २०१९ च्या सुरुवातीला इथल्या बँकांनी ग्राहकांना फेब्रुवारीअखेरची मुदत दिली होती: आयडी अद्ययावत करा, नाहीतर कार्ड थांबेल. तेव्हा बरेच जण खडबडून जागे झाले होते. आता तशी सर्वांना मिळून एक तारीख नसते. ज्याची त्याची मुदत संपते, तसतशी ज्याची त्याची कार्डं बंद होतात. काही बँका लगेच कार्ड थांबवतात, काही थोडे आठवडे वाट पाहतात. शेजाऱ्याचं कार्ड महिनाभर चाललं म्हणून आपलंही चालेल, असं धरून बसू नका.

सगळ्यात जास्त दिवस वाया जातात ते एका गैरसमजापायी. नवा आयडी हातात आला की बँकेला आपोआप कळेल, असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा कळत नाही. सरकारी नोंद वेगळी, टेलिकॉम कंपनीची वेगळी, बँकेची वेगळी, आणि प्रत्येक ठिकाणी आपणच जाऊन सांगायचं असतं. त्यातही क्रम चुकला की पुढचं काम अडतं. म्हणून खालचा क्रम सहसा मोडू नका.

आधी विचारा: बंद काय आहे आणि कशामुळे

कार्ड चालत नाही याची कारणं चार-पाच असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. पिन तीनदा चुकला तर कार्ड अडतं, पण त्याचा आयडीशी संबंध नाही. पिन नवा केला की काम भागतं. प्लास्टिकचीच मुदत संपली असेल तर नवं कार्ड मागवायचं. आयडीमुळे अडलं असेल तर खूण अशी: पगार जमा होतो, अ‍ॅप बहुधा उघडतं आणि कागदपत्रं अद्ययावत करा असा संदेश दाखवतं, पण एटीएम, दुकान आणि ऑनलाइन तिन्ही ठिकाणी कार्ड नाकारलं जातं. फोनमधल्या वॉलेटला जोडलेलं तेच कार्डही चालत नाही.

चौथं कारण नीट समजून घ्या. नोकरी सुटली, कंपनीने शेवटचा हिशेब खात्यात भरला आणि तुमच्या डोक्यावर त्याच बँकेचं कर्ज किंवा क्रेडिट कार्ड आहे, तर बँक ती रक्कम रोखून धरू शकते. या थांबवणुकीवर नव्या आयडीचा काहीही परिणाम होत नाही. तिथे नव्या नोकरीचं पत्र किंवा कर्जाच्या परतफेडीची बोलणी लागतात. न्यायालयाच्या आदेशाने खातं गोठलं असेल तर बँकेच्या हातात काहीच नसतं. प्रकरण न्यायालयातच मिटवावं लागतं.

म्हणून कॉल सेंटरला फोन लावलात की दोन प्रश्न विचारा. ब्लॉक फक्त कार्डावर आहे की खात्यातून पैसे जाणंच बंद आहे? आणि कारण डॉक्युमेंट एक्स्पायरी आहे की दुसरं काही? बहुतेक ठिकाणी हिंदीतून बोलता येतं. नंबर मात्र कार्डाच्या मागचा किंवा अ‍ॅपमधलाच घ्या, गुगलवर शोधून नको.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं आहे, कारण इथे घरभाडं बहुधा पुढच्या तारखांच्या चेकने देतात. नुसतं कार्ड बंद असेल तर चेक वटू शकतो. खात्यातून पैसे जाणंच थांबलं असेल तर भाड्याचा चेक आणि कर्जाचा हप्ता दोन्ही परत जाऊ शकतात, आणि घरमालकाच्या दृष्टीने परत आलेला चेक म्हणजे परत आलेला चेक. तारीख जवळ असेल तर आधीच त्याला किंवा एजंटला लेखी कळवा आणि चेक चार दिवस थांबवायला सांगा. चेक परत आल्यावर केलेल्या विनंतीपेक्षा आधीचा एक संदेश फार कामी येतो.

सरकारी बाजू: पासपोर्ट, व्हिसा, आयडी

पासपोर्टपासून सुरुवात करा. व्हिसा नूतनीकरणासाठी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. ती नसेल तर आधी भारतीय पासपोर्ट नवा करून घ्या. मग नवा पासपोर्ट क्रमांक रहिवासाच्या नोंदीत बदलून घ्यावा लागतो, हे विसरू नका. जुना क्रमांक व्हिशावर आणि नवा बँकेत अशी अवस्था झाली की दोन्हीकडून अर्ज परत येतो.

व्हिशाचं काम कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कागदपत्रांची कामं पाहणारा माणूस, करतो. दुबईचा व्हिसा असेल तर तो जीडीआरएफए हे दुबईचं रहिवास खातं देतं, बाकी अमिरातींमध्ये आयसीपी हे केंद्रीय ओळख आणि नागरिकत्व प्राधिकरण; आयडी कार्ड मात्र सगळीकडे आयसीपीचंच. अठरा वर्षांपुढच्यांना वैद्यकीय तपासणी आहे. आरोग्यविमा लागतो, १ जानेवारी २०२५ पासून उत्तरेकडच्या (दुबई आणि अबू धाबी सोडून बाकीच्या) अमिरातींतल्या खासगी नोकरदारांनाही तो सक्तीचा आहे. बोटांचे ठसे द्यायला बोलावलं तर नेमलेल्या वेळी जा, नाहीतर अर्ज तिथेच पडून राहतो आणि पीआरओलाही ते दिसत नाही.

आयडीचं शुल्क मुदतीच्या प्रत्येक वर्षाला १०० दिरहम, वर सेवाशुल्क आणि टायपिंग सेंटरची, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानाची, आकारणी. नोकरीच्या व्हिशाचा हा खर्च कंपनीने करायचा असतो, कर्मचाऱ्याकडून वसूल करायचा नसतो. मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत असते. त्यानंतर रोज २० दिरहम दंड, जास्तीत जास्त १,००० दिरहम. व्हिसा संपून सवलतीचा काळही उलटला तर मुक्कामाचा दंड वेगळा, रोज ५० दिरहम. पीआरओ “होऊन जाईल” म्हणत असेल तर त्याच्याकडून अर्जाचा क्रमांक घ्या आणि आयसीपीच्या अ‍ॅपमध्ये स्थिती स्वतः पाहा. कंपनीत शंभर माणसांची कामं एका पीआरओच्या गळ्यात असतात. तुमची फाइल कुठे अडली हे तुम्हालाच आधी कळलेलं बरं.

नवं आयडी कार्ड आलं की पुढची बाजू आणि मागची बाजू दोन्ही वाचा. ७८४ ने सुरू होणारा पंधरा आकडी क्रमांक तोच राहतो. ७८४ हा देशाचा संकेतांक, त्यापुढचे चार आकडे तुमचं जन्मवर्ष. बदलते ती मुदत आणि मागच्या बाजूला छापलेला कार्ड क्रमांक. बँकेच्या फॉर्ममध्ये हे दोन्ही क्रमांक वेगवेगळ्या रकान्यांत विचारतात आणि लोक तिथे सर्रास जुन्या कार्डावरचा कार्ड क्रमांक टाकतात. नव्या धर्तीच्या कार्डावर मागे हुद्दा आणि कंपनीचं नावही असतं. मधल्या काळात नोकरी बदलली असेल तर बँकेतलं नाव आणि हे नाव जुळणार नाही. त्याची तयारी ठेवूनच पुढे जा.

प्लास्टिकचं कार्ड छापून यायला वेळ लागतो, पण आयसीपीच्या अ‍ॅपमध्ये डिजिटल आयडी त्याआधी दिसू शकतो. काही बँका तेवढ्यावर काम करतात, काही मूळ कार्डच मागतात. विचारायला काही पैसे पडत नाहीत.

बँकेच्या आधी फोनची लाइन

हा टप्पा लोक वगळतात आणि मग अडकतात. सिमकार्डसुद्धा आयडीवरच नोंदलेलं असतं. आयडी मुदतबाह्य झाला की एतिसलात किंवा डू या इथल्या टेलिकॉम कंपन्या लाइन थांबवू शकतात. लाइन बंद म्हणजे बँकेचा संदेश नाही, नवं अ‍ॅप नोंदवता येत नाही, कॉल सेंटरला तुमची ओळख पटत नाही. म्हणून नवा आयडी आला की आधी टेलिकॉम कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा दुकानात जाऊन सिमची नोंद नवी करा. बँकेत दिलेला नंबर कंपनीच्या नावावर असेल तर तो याच वेळी स्वतःच्या नावावरच्या नंबराने बदला. नोकरी सुटली की तो नंबर जातो आणि त्यासोबत खात्याची किल्लीही.

त्यानंतर यूएई पास, म्हणजे सरकारी डिजिटल ओळखीचं अ‍ॅप. अ‍ॅप उघडून नवी मुदत आली आहे का पाहा. आली नसेल तर चेहऱ्याची पडताळणी पुन्हा करून घ्या. अनेक बँका आता कागदपत्रं यूएई पासमधून थेट उचलतात, त्यामुळे फोटो काढण्याची कटकट वाचते. शिवाय जुलै २०२५ पासून इथल्या बँका एसएमएसवरचे ओटीपी टप्प्याटप्प्याने बंद करून अ‍ॅपमधल्या मंजुरीकडे वळल्या आहेत. तेव्हा बँकेचं अ‍ॅप तुमच्या सध्याच्या फोनवर चालू असणं आता सोयीचा नव्हे, गरजेचा भाग झाला आहे.

आता बँक

तीन वाटा असतात: अ‍ॅप, मशीन, शाखा. अ‍ॅपने होत असेल तर शाखेत जाऊ नका. प्रोफाइल किंवा सेवाविनंतीच्या भागात आयडी अद्ययावत करण्याचा पर्याय असतो. मूळ आयडी कार्ड गडद, सपाट पृष्ठभागावर ठेवा, फ्लॅश बंद करा, चारही कोपरे चौकटीत येऊ द्या. या कार्डावरची चमकती छपाई ट्यूबलाइटखाली चकाकते आणि नेमकी मुदतीची तारीख पांढरी पडते. खिडकीच्या उजेडात फोटो चांगला येतो. रंगीत झेरॉक्सचा फोटो चालत नाही. जुना आणि नवा आयडी एकाच पाकिटात असतील तर जुना आधी काढून ठेवा. पुढची बाजू नव्या कार्डाची आणि मागची जुन्याची, असे अर्ज येतच असतात. पुढे सेल्फीची पडताळणी असते. तिथे चष्मा काढा.

अर्ज नाकारला गेला तर कारण बहुधा फोटोत असतं. फोटो ठीक असूनही नाकारला गेला तर नाव तपासा. मराठी नावांची इथे खास अडचण होते. पासपोर्टच्या नावाच्या रकान्यात आपण स्वतःचं आणि वडिलांचं नाव लिहितो, आडनाव वेगळ्या रकान्यात. खातं उघडताना बँकेतल्या माणसाने मधलं नाव गाळलेलं असतं किंवा अक्षरयोजना बदललेली असते. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या बाईच्या बाबतीत तर संगणकाला दोन वेगळ्या बायका दिसतात: स्नेहल अनंत जोशी आणि स्नेहल रोहन कुलकर्णी. हे अ‍ॅपमध्ये सुटत नाही, कितीही वेळा पाठवलं तरी. जुना पासपोर्ट, नवा पासपोर्ट आणि विवाहप्रमाणपत्र घेऊन शाखेत जा आणि आधी नावबदलाचा अर्ज द्या, आयडीचा त्यानंतर.

काही बँकांच्या एटीएममध्ये किंवा व्हिडिओ मशीनमध्ये आयडी घालण्याची फट असते. चिप वाचली की नोंद बदलते. अ‍ॅप सारखं नाकारत असेल तर शाखेच्या रांगेआधी हे करून पाहा.

शाखेत जायचंच असेल तर सोबत मूळ आयडी, मूळ पासपोर्ट, नोकरी बदलली असल्यास पगाराचं पत्र किंवा कामाचा करार, आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार किंवा वीज-पाण्याचं बिल. शुक्रवारी दुपारी जाऊ नका. फॉर्मवर सही खातं उघडताना केली होती तशीच करा. देवनागरीत केली असेल तर देवनागरीतच. करनिवासाचा रकाना विचार करून भरा. राष्ट्रीयत्व भारत म्हणून हात सवयीने तिथेही भारत लिहितो, पण प्रश्न नागरिकत्वाचा नसतो, कर कुठल्या देशाचे रहिवासी म्हणून भरता याचा असतो. निघताना विनंतीचा क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

संयुक्त खातं असेल तर दोघांचेही आयडी चालू असायला लागतात. पत्नीचं पुरवणी कार्ड तिच्या आयडीवर अवलंबून असतं, आणि तिचा व्हिसा तुमच्यावर असेल तर तुमचं नूतनीकरण झाल्याशिवाय तिचं होत नाही. घरात एकच कार्ड चालू राहील अशी आशा ठेवण्याऐवजी मुदत संपण्याआधीच दोन-तीन आठवड्यांचं वाणसामान आणि पेट्रोल निघेल एवढी रोकड काढून ठेवा. एक्स्चेंज हाउसमधून घरी पैसे पाठवायलाही चालू आयडीच लागतो, तेव्हा ती वाटही त्या दिवसांत बंद असते.

कामगारांना कंपनीकडून मिळणाऱ्या पगाराच्या कार्डाची गोष्ट निराळी. त्याचं स्वतःचं असं बँक खातं बहुधा नसतं. नवा आयडी कंपनीच्या एचआरमार्फत कार्ड चालवणाऱ्या संस्थेकडे जातो. शाखेत हेलपाटे घालू नका, एचआरला आयडीची दोन्ही बाजूंची प्रत देऊन पोच घ्या.

एक चक्रव्यूह मात्र खरा आहे. आयडी संपलेला असतानाच बँकेचं प्लास्टिकही संपलं, तर बँक नवं कार्ड कुरिअरने पाठवते. कुरिअरवाला दारात मूळ आयडी पाहिल्याशिवाय ते देत नाही. मुदतबाह्य आयडी पाहून तो कार्ड परत नेतो. नवा आयडी बँकेत नोंदला गेल्यावरच कार्ड मागवा, किंवा शाखेत येऊन घेतो म्हणून सांगा.

सुरू झालं का, हे कसं पाहायचं

“तुमची माहिती अद्ययावत झाली” असा संदेश आला म्हणजे कार्ड सुरू झालंच, असं नाही. नोंद बदलणं आणि ब्लॉक उठणं या दोन पायऱ्या आहेत. मध्ये काही तास, कधी एक-दोन कामाचे दिवस जातात. आधी आपल्याच बँकेच्या एटीएममध्ये कार्ड घालून शिल्लक पाहा, मग थोडी रक्कम काढा. मग दुकानात, मग ऑनलाइन. वॉलेटमधलं कार्ड चालत नसेल तर ते काढून पुन्हा जोडा. दोन दिवसांनंतरही एटीएम नाकारत असेल तर फोन करून एवढंच म्हणा: आयडी अपडेट झालाय, ब्लॉक उठवलेला नाही. अशी विनंती बहुधा त्याच फोनवर निकाली निघते.

मधल्या काळात फसलेली पैशांची कामं स्वतःहून पुन्हा होत नाहीत. वीज-पाणी, फोन, मुलांच्या शाळेची फी, सालिकचा (दुबईतल्या रस्त्यांच्या टोलचा) रिचार्ज, सगळं एकदा हाताने तपासा. क्रेडिट कार्ड बंद असलं तरी त्याचं बिल चालूच असतं. दुसऱ्या खात्यातून का होईना, किमान रक्कम वेळेत भरा; उशीर झाला तर दंड लागतो आणि नोंद अल एतिहाद क्रेडिट ब्युरोत, म्हणजे कर्जफेडीच्या सवयींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत, जाते. पुढे गाडीचं कर्ज मागताना बँक हीच नोंद पाहते.

बँक ऐकतच नसेल तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर सनदककडे जाता येतं. बँक आणि विम्याच्या तक्रारींसाठी मध्यवर्ती बँकेने उभी केलेली ही स्वतंत्र संस्था. बँकेकडे आधी गेला नसाल तर तिथून परत पाठवतात, म्हणून तो क्रमांक लागतो.

कार्ड बंद झाल्याचा मेसेज आला तर

“आयडी अद्ययावत न केल्यामुळे तुमचं एटीएम कार्ड बंद झालं आहे, या नंबरवर फोन करा” हा इथला सगळ्यात जुना सापळा. व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, वर मध्यवर्ती बँकेचं बोधचिन्ह, खाली एखादा मोबाइल नंबर. खरोखरच ज्याचा आयडी संपत आलाय, तो हमखास फसतो. मध्यवर्ती बँक कुणाच्या वैयक्तिक कार्डासाठी संदेश पाठवत नाही, आणि आयडी अद्ययावत करायला पिन, ओटीपी किंवा कार्डामागचे तीन आकडे लागत नाहीत. ते मागितले की फोन ठेवा. आकडे देऊन बसला असाल तर आधी अ‍ॅपमधून कार्ड गोठवा, मग बँकेला कळवा, मग पोलिसांना. अबू धाबी पोलिसांची अमन सेवा ८००२६२६ वर आहे, दुबईत ई-क्राइमच्या संकेतस्थळावर तक्रार करता येते.

आणि गावाकडचं खातं

हे सगळं करताना भारतातलं एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं, खातंही उरकून घ्या. तिथल्या बँकेकडे तुमच्या जुन्या पासपोर्टची आणि जुन्या आयडीची प्रत असते, आणि केवायसीची वेळ आली की तेही कार्ड अडतं. नवा पासपोर्ट, आयडीच्या दोन्ही बाजू आणि इथला पत्ता लागतो. व्हिडिओ केवायसी किंवा अ‍ॅपची सोय नसेल तर साक्षांकित प्रती पाठवाव्या लागतात. साक्षांकन भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास, इथला नोटरी, किंवा भारतीय बँकेच्या परदेशी शाखेतले अधिकारी करू शकतात. बँक ऑफ बडोदाच्या यूएईत शाखा आहेत. मात्र तुमची बँक यांतल्या कुणाचा शिक्का मानते, हे आधी ईमेलवर विचारून घ्या. परदेशी येऊनही गावचं साधं बचत खातंच वापरत असाल तर केवायसीसोबत ते एनआरओ करून घेण्याचा अर्जही त्याच पाकिटात घाला. पाकीट कुरिअरला देण्यापूर्वी प्रत्येक शिक्का मारलेल्या पानाचा फोटो काढून ठेवा. “कागद पोचलेच नाहीत” असं शाखा म्हणाली तर कुरिअरची पावती आणि ते फोटो शाखा व्यवस्थापकाच्या ईमेलवर पाठवता येतात.